हं म्हणायची जागा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

हे आताच लिहायला घेतलं, त्याला कारण आहे. परवा तुमची आई फोनवर म्हणाली, की तुम्हा दोघांना आता देवनागरी सलग वाचता येतं, फक्त मोठ्याने वाचताना तुम्ही वाटेल तिथे थांबता आणि हवं तिथे थांबत नाही. तिने तुमचा वाचतानाचा आवाजही पाठवला. थोरले, तू दम संपेपर्यंत वाचतेस आणि दम संपला की थांबतेस. धाकट्या, तू छापलेली ओळ संपली की थांबतोस, मग वाक्य अर्ध्यात का असेना. मला हसू आलं, कारण नेमकं असंच वाचणारी मोठी, नोकरी करणारी माणसं मी कितीतरी वर्षं आमच्या पुढच्या खोलीत बसवून शिकवली. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी हे लिहून संपवायचं असं ठरवलं आहे.

आधी जागा सांगते, मग माणसं, मग घडलं ते.

जागा म्हणजे सांगलीचं, विश्रामबागचं आपलं घर. नव्वदच्या दशकात मी मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. बढतीच्या परीक्षेला बसलेला बँकेतला कारकून, मिरजेच्या दवाखान्यातल्या दोन नर्स, एक औषधविक्रेता आणि कॉलेज संपवलेली काही मुलं-मुली, असा तो वर्ग. व्याकरण बहुतेकांचं चांगलं होतं. काळ विचारा, कर्मणी प्रयोग विचारा, चुकायचे नाहीत. पण पुस्तक हातात देऊन ‘मोठ्याने वाचा’ म्हटलं की सगळा अर्थ सांडून जायचा. शाळेत त्यांनी इंग्रजी धडे सगळ्या वर्गाबरोबर एका चालीत म्हटले होते. ती चाल ओळीच्या शेवटी वळायची आणि तिथेच सगळे श्वास घ्यायचे. स्वल्पविराम त्यांच्या लेखी कागदावरचा डाग होता.

मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं : ‘माय सिस्टर हू लिव्ज इन सातारा इज कमिंग टुडे.’ मग म्हटलं, याचा अर्थ, माझ्या बहिणी बऱ्याच आहेत आणि त्यांतली साताऱ्याला राहणारी आज येते आहे. नंतर खडूने दोन स्वल्पविराम घातले, ‘सिस्टर’च्या पुढे एक आणि ‘सातारा’च्या पुढे एक, आणि तिथे थांबून वाचून दाखवलं. आता बहीण एकच उरली. ती साताऱ्याला राहते, हे जाता जाता सांगितलं.

“म्हणजे बाई, दोन शेपट्या पुसल्या की तुमच्या बहिणी वाढतात?” कारकून म्हणाला.

“वाढतात.”

“मग बाकीच्या कुठं लपवल्यात?”

योगायोगाने माझी साताऱ्याची एकुलती एक बहीण त्याच आठवड्यात राहायला आली. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी उभं राहून तिच्याकडे असं पाहिलं, की ती बिचारी पदर सावरत आत पळाली.

वाक्य कळलं, पण वाचनात फरक पडेना. स्वल्पविरामाला एक आकडा मोजा, पूर्णविरामाला दोन, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते सांगितलं. मग ते मनात आकडे मोजू लागले. ओठ हलायचे, आकडे बरोबर यायचे आणि आवाज मात्र निकाल जाहीर केल्यासारखा यायचा. आपण कुणाला तरी काही सांगतो आहोत, हे त्यांच्या आवाजात नव्हतं.

तेव्हा मला माझी आत्या आठवली. साताऱ्याला आमच्या लहानपणी दुपारी धान्य निवडता निवडता ती गोष्ट सांगायची. आम्ही मुलांनी मध्ये मध्ये ‘हं’ म्हणायचं. नाही म्हटलं तर ती सूप खाली ठेवून विचारायची, “मेलात का रे सगळे?” आणि कुणी तरी हं म्हणेपर्यंत राजा जंगलात उभाच. हा हुंकार कुठे द्यायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आत्याचा आवाज खाली टेकला की आम्ही हं म्हणायचो. आवाज वर टांगलेला असला की पुढचं ऐकायला थांबायचो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या जोड्या लावल्या. एकाने इंग्रजी वाचायचं, दुसऱ्याने पुस्तक मिटून ऐकायचं. अर्थ पोचला तर हं म्हणायचं, नाही पोचला तर गप्प बसायचं. वाचणाऱ्याने हं म्हणायला जागा द्यायची. पूर्णविरामाला आवाज टेकवायचा आणि हं येऊ द्यायचा. स्वल्पविरामाला आवाज टांगून ठेवायचा, तिथे हं येता कामा नये. पहिल्या दिवशी अर्धा वेळ हसण्यात गेला. तुमचे आजोबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचे. ते मुद्दाम भलत्याच ठिकाणी मोठ्याने हं म्हणायचे, की वाचणारा दचकायचा. मी आत जाऊन त्यांना सांगितलं, की एक तर बाहेर येऊन विद्यार्थी व्हा, नाहीतर पाय मोकळे करायला जा. ते फिरायला गेले. महिन्याभरात औषधविक्रेतासुद्धा माणसासारखा वाचू लागला.

आता माणसं. खरं तर एकच, ती मुलगी.

ती आटपाडीकडच्या एका वाडीतली. घरी मेंढरं. वाडीतली पहिली पदवीधर, बी. ए., तेही इंग्रजी घेऊन. सांगलीत मावशीकडे राहायची. विट्याला नवीन इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिने तिथे अर्ज केला होता. विट्याकडची माणसं देशभरात सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्यांना गलाईवाले म्हणतात. त्यांची मुलं कुठे तमिळ, कुठे बंगाली शिकत वाढायची आणि गावी परत आली की कुठल्याच वर्गात बसेनाशी व्हायची. त्यांच्यासाठी ही शाळा होती. मुलाखतीत मुलांपुढे वाचून दाखवायचं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली.

“आणि नाही मिळाली ही नोकरी तर?” मी विचारलं.

“मग फाल्गुनात लगीन. आबा म्हणत्यात, नोकरी लागली तर तुझ्या मनासारखं. न्हाई लागली तर बार उडवून टाकू.”

मुलगा गलाईवाल्यांपैकीच होता, दूर दक्षिणेतल्या एका शहरात दुकानावर असायचा.

“मुलगा वाईट आहे का गं?”

“न्हाई वो बाई. चांगला हाय म्हणत्यात. पर मला शिकवायचं हाय. तिथं दुकानाच्या माडीवर बसून मी काय करू? तिथली भाषा पन येत न्हाई.”

“भाषा शिकता येते.”

“शिकीन की. पर ही एक तर आधी पुरी होऊ द्या.”

तिचं वाचन सुरुवातीला फार भरभर असायचं, पुस्तक कुणीतरी काढून घेणार आहे असं. पण हंची रीत सांगितल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. “हे आमच्यात हाय की! आबा मेंढरांपाशी रात्री गोष्ट लावत्यात, हूं न्हाई म्हटलं तर गोष्ट मोडून झोपत्यात.” आम्ही हं म्हणायचो, त्यांच्याकडे हूं. एवढाच फरक. मिरजेच्या एका नर्सबरोबर तिची जोडी लावली आणि थोड्याच दिवसांत तिचा आवाज वाक्यागणिक टेकू लागला, टांगला जाऊ लागला. सगळ्या वर्गात तिचं वाचन कानाला गोड लागायचं.

मग मी रंगीत तालीम घेतली. मी आणि आजोबा कमिटी झालो. आजोबांनी कोट घातला. ती उभी राहिली, दोन वाक्यं उत्तम वाचली आणि थांबली. थांबूनच राहिली. माझ्याकडे बघत होती.

“का थांबलीस?”

“तुम्ही हं म्हणंना.”

“कमिटी हं म्हणत नसते गं,” आजोबा म्हणाले. “कमिटी नुसती चष्मा पुसते.”

तिला आता हंची सवय झाली होती. समोरून काही आलं नाही, की आपलं पोचलं नाही असं तिला वाटायचं आणि पाय अडायचा. मग आम्ही रोज तिच्यापुढे दगडासारखे बसून सराव केला. तिने समोरच्याचा हं मनातल्या मनात म्हणायचा आणि पुढे जायचं. आठवड्याच्या शेवटी ते जमलं. “मनात म्हणीन बाई, काळजी करू नका,” ती म्हणाली. मी मात्र काळजी करायची थांबले नाही आणि मुलाखतीच्या दिवशी तिच्याबरोबर एस. टी.ने विट्याला गेले.

स्टँडवर तिचे वडील आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मला म्हणाले, “आवं बाई, तुमी कशाला तरास घेतला? मी हाय की संगं.” त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी शाळा बघायची होती. फाल्गुनाबद्दल ते वाटेत काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

शाळा म्हणजे तीन नव्या खोल्या आणि ओल्या रंगाचा वास. मुख्याध्यापिका मूळच्या बेळगावच्या, नीटनेटक्या, इंग्रजीच बोलणाऱ्या. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गळ्यात जाड साखळी घातलेले एक गलाईवाले, यात्रेसाठी गावी आलेले. तिसरीचा वर्ग भरवला होता. तिला आत बोलावलं. मला आणि तिच्या वडिलांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. खिडकी आमच्या डोक्यावरच होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

मुख्याध्यापिकांनी वाचनपुस्तकातलं एक पान उघडून दिलं. एका म्हाताऱ्या कुंभाराची गोष्ट होती. तिने सुरुवात केली. पहिलं वाक्य छान टेकलं. दुसरंही. मग ती थांबली.

आत कुणी काही बोललं नाही. मुलं शिस्तीत बसली होती. कमिटी गप्प. मी मनात म्हणाले, म्हण गं, मनात म्हण आणि पुढे जा. ती पुढे जाईना. मी खिडकीकडे मान वळवली तेवढ्यात शेजारून आवाज आला,

“हूं!”

माळावरून मेंढरांना हाक घालावी तसा तो हूं होता. आतली मुलं खो खो हसू लागली. अध्यक्ष बाहेर आले.

“कोन वो ते?”

“मी. बाप हाय तिचा.”

“तुमाला इंग्लिश कळतंय व्हय?”

“न्हाई वो. पोरगी थांबली, कुनी हूं म्हणंना. आमच्यात असं बरं दिसत न्हाई.”

अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला, आणि मला दिसलं की ते हसू आवरताहेत. आतून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. त्यांना हसू आलेलं नव्हतं. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं.

याची तयारी आम्ही केली नव्हती. ती इंग्रजीतच सांगू लागली, की मॅडम, माझ्या घरी कुणी गोष्ट सांगितली तर ऐकणारा हूं म्हणतो. हूं म्हणजे मला समजलं, पुढे सांगा. हूं आला नाही तर सांगणारा थांबतो. माझे वडील बाहेर आहेत. मी थांबले म्हणून त्यांनी उत्तर दिलं. दोन ठिकाणी तिचा काळ चुकला. पण प्रत्येक वाक्य टेकत होतं आणि त्याला जागा होती. माझ्या वर्गात ती इतकी सावकाश कधीच बोलली नव्हती.

नंतर ती परवानगी न विचारताच मुलांकडे वळली. “समजलं की हं म्हणायचं. नाही समजलं तर गप्प बसायचं. चालेल?”

“येस टीचर!”

ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मुलं वाक्यावाक्याला हं म्हणत होती, सुरुवातीला दंगा म्हणून, मग खरोखरच. पुढे एका ठिकाणी घाईत तिचा स्वल्पविराम राहून गेला. वाक्य असं होतं : ‘व्हेन द ओल्ड मॅन लेफ्ट, द हाऊस वॉज एम्प्टी.’ म्हातारा गेला आणि घर रिकामं झालं. तिने ‘लेफ्ट द हाऊस’ एका दमात म्हटलं. म्हाताऱ्याने घर सोडलं, इथवर मुलं पोचली आणि मग रिकामं काय झालं ते त्यांना कळेना. हं आला नाही.

“टीचर, कोण एम्प्टी?” एक मुलगी म्हणाली.

ती हसली. तिचं हसू खिडकीतून ऐकू आलं. तिने वाक्य पुन्हा घेतलं, ‘लेफ्ट’पाशी आवाज वर ठेवून थांबली, मग पुढचं वाचलं. या वेळी सगळ्या वर्गाचा हं एकदम आला, आणि त्यामागून मुख्याध्यापिकांचा पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज.

परतताना स्टँडवर आम्ही भेळ घेतली. बाप-लेकीचं भांडण चालूच होतं.

“आवं आबा, गप बसायचं की! समदी हसली.”

“तू थांबलीस कशाला मग?”

“मनात म्हणत होते मी.”

“मनातलं मला कसं ऐकू यावं?” मग त्यांनी माझ्याकडे वळून, भेळेचा कागद तसाच हातात धरून, जरा खालच्या आवाजात विचारलं, “बाई, माझ्यामुळं नोकरी गेली का वो तिची?”

मला ठाऊक नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. ते बराच वेळ काठीने जमिनीवर रेघोट्या ओढत बसले. मला वाटलं होतं, ती नापास झाली तर ते सुटकेचा श्वास सोडतील. पण भेळ त्यांनी तशीच बाजूला ठेवली. “गेली तर दुसरीकडं बघू,” ते अखेर म्हणाले. “शाळा काय एकच हाय व्हय?” तिने भेळ खाता खाता मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. फाल्गुनाचं नाव तिथे कुणी काढलं नाही.

दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे पेढे घेऊन आली. नोकरी मिळाली होती, पण मागितली होती तशी नव्हे. एका वर्षाच्या बोलीवर आणि तिसरीऐवजी बालवर्ग. पगारही जाहिरातीतल्यापेक्षा कमी. तिसरी दुसऱ्या एका उमेदवाराला दिली, तो कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला होता. मला राग आला. तिला आला नाही.

“बालवर्ग तर बालवर्ग,” ती म्हणाली. “बारकी पोरं तर बोलतच असत्यात. त्यांना हं शिकवायला नको.”

वर्ष संपताना मुख्याध्यापिकांनी तिला कायम केलं आणि पुढे तिसरीही दिली. दक्षिणेतल्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. हिचं लग्न काही वर्षांनी विट्यातच झालं, तिच्या पसंतीने. मी गेले होते. आबांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. वरपक्षाचे एक वयस्कर गृहस्थ भाषण करायला उभे राहिले आणि थांबता थांबेनात, तेव्हा आबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “बाई, ह्येला तुमच्या वर्गात घाला.”

मी माझा वर्ग आणखी काही वर्षं चालवला. तुमचे आजोबा गेल्यावर बंद केला. पुढची खोली आता भाड्याने दिली आहे, तिथे एक दाताचे डॉक्टर बसतात. फळा त्यांनी काढून टाकला. आबाही आता नाहीत. मेंढरं तर त्यांच्या आधीच विकली होती. मुख्याध्यापिका निवृत्त होऊन बेळगावला परत गेल्या. ती शाळा चालू आहे, तिला आता दोन मजले आहेत. ती मुलगी अजून तिथे तिसरीला इंग्रजी शिकवते.